केबिन हुद्द्याची की कामाची?

कोणत्याही संस्थेतील खरी उतरंड तिच्या छापील पदरचनेपेक्षा तिच्या मजल्याच्या नकाशावरून लवकर उमगते. जिला दोन बाजूंनी खिडक्या आहेत, जिचे दार बंद होते आणि जिच्याबाहेर भेटीची वेळ ठरवणारे कोणीतरी बसलेले असते, ती खोली सर्वोच्च पदाची. त्याखालच्यांना एक खिडकी आणि काचेची भिंत. त्याहून खालच्यांना छातीइतक्या उंचीचा आडोसा. आणि नुकत्याच रुजू झालेल्यांना इतर सर्वांनी आधीच नाकारलेली, प्रिंटरजवळची किंवा स्वच्छतागृहाच्या दारालगतची जागा. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की बंद खोली हा हुद्द्याचा मान आहे, हे तिच्यामागचे गृहीतक सहसा कोणी तपासत नाही. माझे म्हणणे असे आहे की बंद खोली हे मुळात कामाचे साधन आहे. ते मानचिन्ह म्हणून वाटले गेल्यामुळे ज्यांना त्याची सर्वाधिक गरज असते त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. आणि गेल्या काही दशकांत समतेचे नाव घेऊन केबिनी पाडण्याची जी लाट आली, तिने हा घोटाळा सोडवलेला नाही, मान दाखवण्याची ठिकाणे तेवढी बदलली आहेत.

या समजुतीला मोठा इतिहास आहे. १५६० साली फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो याने वास्तुकार जॉर्जो वाझारी याच्याकडून उफ्फिझीची इमारत उभारायला घेतली, ती शहरभर विखुरलेल्या न्यायाधिकाऱ्यांच्या आणि व्यवसायसंघांच्या कचेऱ्या एका जागी, स्वतःच्या नजरेखाली आणण्यासाठी. म्हणजे कार्यालयाच्या इमारतीचा सत्तेशी असलेला संबंध नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश सरकारने आपल्या खात्यांच्या जागेचा विचार केला, तेव्हा त्यासंबंधीच्या अहवालात दोन प्रकारची कामे वेगळी काढण्यात आली. डोक्याने काम करणाऱ्याला व्यत्यय येता कामा नये, म्हणून त्याला स्वतंत्र खोली द्यावी. यांत्रिक स्वरूपाचे काम करणाऱ्या कारकुनांनी मात्र योग्य देखरेखीखाली एका दालनात एकत्र बसणे बरे, असा त्याचा आशय होता. हा तर्क मुळात खोटा नाही. उलट त्यात खोलीची सांगड कामाच्या स्वरूपाशी घातलेली आहे, आणि माझाही आग्रह तोच आहे. गफलत पुढच्या पायरीवर झाली. कोणाचे काम बुद्धीचे आणि कोणाचे यांत्रिक हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते आधीच स्वतंत्र खोल्यांत बसलेले होते. त्यामुळे वरच्या पदाचे काम ते बुद्धीचे आणि खालच्या पदाचे ते यांत्रिक, हे समीकरण कोणी मुद्दाम न मांडताच रूढ होऊन बसले. १९१७ च्या सुमारास विल्यम लेफिंगवेल यांनी टेलर यांचे कारखान्यातले वेळमोजणीचे तंत्र कारकुनी कामाला लावले, पाणी प्यायला उठणाऱ्याची किती चाल होते याचाही हिशेब मांडला, आणि एकाच दिशेला तोंड करून लावलेल्या टेबलांच्या रांगा हे मोठ्या कार्यालयाचे सर्वमान्य रूप झाले. देखरेख करणाऱ्या वरिष्ठांच्या खोल्या अर्थातच त्या रांगांबाहेर राहिल्या.

आता आजच्या कार्यालयातील दिवस पाहा. वरिष्ठ अधिकाऱ्याचा वेळ बहुतांशी बैठकांत, दूरध्वनीवर, प्रवासात आणि इतरांच्या कामावर निर्णय देण्यात जातो. त्याची केबिन दिवसाचे कित्येक तास रिकामी असते. त्याच मजल्यावर कोणी हजारो ओळींच्या संगणकीय आज्ञावलीतला एक दोष शोधत असते, कोणी वर्षअखेरीचे हिशेब जुळवत असते, कोणी एखाद्या कराराचा मसुदा असा लिहीत असते की त्यातले एक विशेषण चुकले तर पुढे न्यायालयात जावे लागेल. अशा कामात माणसाला आठ-दहा गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. मध्येच कोणी 'एक मिनिट' म्हणून खांद्यावर हात ठेवला की तो सारा डोलारा कोसळतो आणि पुन्हा पायापासून उभा करावा लागतो. ज्याच्या कामाचे स्वरूपच लहान-लहान तुकड्यांचे आहे त्याला दार मिळावे, आणि ज्याच्या कामाला सलग तास लागतात त्याने हेडफोन लावून निभावून न्यावे, ही वाटणी कामाच्या हिशेबाने उफराटी आहे.

टॉम डिमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतील ६०० हून अधिक आज्ञावलीकारांना एकसारखे काम देऊन त्यांच्या कामगिरीची तुलना केली होती. सर्वांत सरस ठरलेल्या चतुर्थांशाला कामासाठी सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, तर सर्वांत मागे राहिलेल्या चतुर्थांशाला ४६. आपली जागा पुरेशी शांत आहे असे पहिल्या गटातील ५७ टक्के लोकांनी सांगितले, दुसऱ्या गटातील २९ टक्क्यांनी. यावरून शांततेमुळेच माणसे सरस झाली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. चांगल्या कंपन्या चांगली माणसेही घेतात आणि चांगली जागाही देतात, ही शक्यता उरतेच. परंतु ज्या कंपन्यांना चांगली माणसे टिकवता येतात त्या जागेच्या बाबतीत हात आखडता घेत नाहीत, एवढे तरी त्यातून दिसते, आणि चौरस फुटांत बचत करू पाहणाऱ्याला तेवढेही विचारात पाडायला पुरेसे आहे.

व्यत्ययाची चर्चा बहुधा 'आवाज' या एका सदरात गुंडाळली जाते, आणि मग वातानुकूलन यंत्राची घरघर आणि शेजाऱ्याचे बोलणे एकाच मापाने मोजले जाते. प्रत्यक्षात त्रास आवाजाच्या मोठेपणाचा कमी आणि बोलण्यातील शब्द कळण्याचा जास्त असतो. कळणारे बोलणे मेंदू ऐकायचे नाही म्हटले तरी ऐकतो, आणि वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांसाठी लागणारी स्मृतीची तीच जागा अडवतो. म्हणूनच खुल्या दालनांच्या ध्वनिमापनासाठी २०१२ साली आलेल्या आयएसओ ३३८२-३ या मानकात, बोलणाऱ्यापासून किती अंतरावर त्याचे शब्द पुरेसे अस्पष्ट होतात हे मोजण्याची पद्धत ठरवून दिली आहे. यातला विरोधाभास असा की दालन जितके शांत, तितके एकट्याचे बोलणे लांबवर स्पष्ट जाते. आणि सर्वांनी हळू बोलावे ही सूचना भिंतीवर लावून हा प्रश्न सुटत नाही. जुंगसू किम आणि रिचर्ड दे डिअर यांनी २०१३ साली ३०३ इमारतींतील ४२,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ध्वनिविषयक खासगीपणाबाबत खुल्या दालनांतील माणसांची तक्रार सर्वांत तीव्र होती, आणि एकमेकांशी सहज बोलता येण्याचा जो लाभ अशा दालनांचा म्हणून सांगितला जातो, त्याने ती भरून निघत नव्हती. डेन्मार्कमधील २,४०३ कर्मचाऱ्यांच्या २०११ च्या एका अभ्यासात, खुल्या दालनात बसणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा स्वतंत्र खोलीतल्यांपेक्षा ६२ टक्क्यांनी अधिक आढळल्या होत्या.

तरीही खुले दालन हा सगळा लबाडीचाच कारभार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रँक लॉइड राइट यांनी बफेलो येथे बांधलेल्या आणि १९०६ साली पूर्ण झालेल्या लार्किन कंपनीच्या इमारतीत मधल्या उंच, वरून प्रकाश घेणाऱ्या चौकात वरिष्ठ अधिकाऱ्यांची टेबले इतरांसोबत होती. ही इमारत १९५० साली पाडण्यात आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न येथील एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या बंधूंनी टेबलांच्या सरळ रांगा मोडल्या, कागदपत्रे कोणाकडून कोणाकडे जातात याचा माग काढून त्याप्रमाणे टेबले वाकडी-तिकडी मांडली, मध्ये झाडे ठेवली आणि अधिकाऱ्यांच्या खोल्याही काढून टाकल्या. त्यांचा हेतू प्रामाणिक होता: एकत्र काम करणारी माणसे हुद्दा न पाहता एकत्र बसावीत. पुढे अमेरिकेत हर्मन मिलर या कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ साली हलवता येणाऱ्या पडद्यांची जी रचना आणली, तीही माणसाला आपल्या सोयीप्रमाणे जागा बदलता यावी यासाठीच होती. त्या पडद्यांचे कोन सैल असावेत, माणसाला उभे राहून काम करता यावे, भिंतीवर आपले कागद लावता यावेत, अशी त्यांची कल्पना होती. खरेदी करणाऱ्यांनी तेच पडदे काटकोनात जोडले, जागा आक्रसत नेली आणि क्युबिकल जन्माला आले. प्रॉप्स्ट यांनी स्वतः अखेरीस या प्रकाराला वेडेपणा ठरवले.

श्नेले बंधू आणि प्रॉप्स्ट यांच्या या दोन प्रयोगांचे पुढे काय झाले, यात मला या प्रश्नाचे मर्म दिसते. जर्मनीत १९७२ च्या कायद्याने कर्मचारी-परिषदांचे अधिकार वाढले आणि कामाच्या जागेची आखणी करताना मालकाने त्यांना आधी माहिती देणे व त्यांच्याशी चर्चा करणे बंधनकारक झाले. स्कँडिनेव्हियातही त्याच दशकात कर्मचारी संघटनांचा शब्द जड झाला. तेथील माणसांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी झाडे आणि वाकडी टेबले बाजूला ठेवून खिडकी असलेली स्वतंत्र खोली मागितली, आणि पुष्कळ ठिकाणी ती त्यांना मिळाली. स्टॉकहोमजवळ १९८० च्या दशकाच्या अखेरीस नील्स टॉर्प यांनी एसएएस या विमान कंपनीचे मुख्यालय बांधले. तेथे इमारतीच्या आतून एक रस्ता काढला होता, त्यावर भेटण्या-बोलण्याच्या जागा होत्या, आणि कर्मचाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना छोट्या स्वतंत्र खोल्या होत्या. अमेरिकेत असे विचारण्याचे बंधन कोणावर नव्हते, म्हणून तिथे क्युबिकल फोफावले. दोन्ही प्रदेशांत माणसाचे कान सारखेच होते, जमीनही फुकट नव्हती आणि कामाचे स्वरूपही फारसे वेगळे नव्हते. वेगळे होते ते एवढेच की नकाशा काढताना कोणाला विचारावे लागत होते.

या पार्श्वभूमीवर 'आमचे साहेबही सर्वांसोबत हॉलमध्ये बसतात' या अभिमानाकडे पाहावे लागते. इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह क्युबिकलमध्ये बसत. न्यूयॉर्कचे महापौर झाल्यावर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २००२ साली सिटी हॉलमधील एका मोठ्या दालनाच्या मधोमध आपले टेबल मांडले. फेसबुकने २०१५ साली सुमारे २,८०० लोक मावतील असे अखंड दालन फ्रँक गेरी यांच्याकडून बांधून घेतले आणि मार्क झकरबर्ग यांचे टेबल त्यातच ठेवले. या माणसांच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. ग्रोव्ह यांच्याबाबतीत तर ती वृत्ती कंपनीच्या इतर व्यवहारातही दिसत असे. प्रश्न असा आहे की सर्वोच्च अधिकारी आणि कनिष्ठ कर्मचारी यांची टेबले एकसारखी केल्याने त्यांची परिस्थिती एकसारखी होते का. सर्वोच्च अधिकाऱ्याजवळ कोणी उगाच जाऊन उभे राहत नाही. त्याला बोलायचे असेल तेव्हा काचेची बैठकीची खोली त्याच्यासाठी रिकामी होते, आणि ती नोंदवहीत कोणाच्याही नावावर असली तरी व्यवहारात त्याचीच असते. त्याला घरून काम करायचे असेल तर कारण द्यावे लागत नाही. तो कोणाकडेही पाहू शकतो आणि त्याच्या पाहण्याला अर्थ असतो. कनिष्ठाने त्याच्याकडे पाहिले तर त्याला काहीच अर्थ नसतो. भिंत काढल्यावर दोघे एकमेकांना दिसू लागतात हे खरे, परंतु दिसण्याचा भार एकाच बाजूला पडतो. केबिन असताना मान निदान उघड होता आणि त्यावर बोट ठेवता येत होते. तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाल्यावर त्याविषयी तक्रार करणाऱ्यालाच संकुचित ठरवता येते.

माणसे या दिसण्याला कसा प्रतिसाद देतात, हे ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांच्या २०१८ च्या अभ्यासाने दाखवले. दोन मोठ्या कंपन्यांची कार्यालये खुल्या रचनेत जाण्याआधी आणि नंतर त्यांनी कर्मचाऱ्यांच्या अंगावर संवेदक बसवून समोरासमोरच्या संवादाची मोजणी केली. संवाद वाढायला हवा होता; तो सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल व संदेश वाढले. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला भिंत मिळत नाही तो ती वागण्यातून उभारतो: हेडफोन लावतो, पडद्यावरून नजर काढत नाही, पलीकडच्या टेबलावरच्या माणसालाही लेखी निरोप पाठवतो. त्याआधी, १९९४ साली, चायट/डे या जाहिरात कंपनीने लॉस एंजेलिसमध्ये सर्वांची ठरलेली टेबलेच काढून घेतली होती. रोज सकाळी संगणक आणि फोन मागून घ्यायचा आणि मिळेल तिथे बसायचे. माणसे आपले कागद मोटारीच्या डिकीत ठेवू लागली, बरी जागा मिळावी म्हणून लवकर येऊ लागली, आणि काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. आज हॉट-डेस्किंगच्या नावाने तोच प्रकार पुन्हा चालू आहे, आणि तिथेही वरिष्ठांचे 'नेहमीचे' टेबल कोणी बळकावत नाही.

माझ्या म्हणण्यावर येणाऱ्या आक्षेपांपैकी खरोखर वजनदार आक्षेप एकच आहे, आणि तो शिकण्याविषयीचा आहे. नवखा माणूस काम शिकतो ते बऱ्याच अंशी ऐकून: वरिष्ठ सहकारी चिडलेल्या ग्राहकाशी कसे बोलतो, चूक लक्षात आल्यावर कोणाला आधी कळवतो, कुठल्या प्रश्नावर हसतो. हे कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसते. एमआयटीतील थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या संवादाचा अभ्यास केला, तेव्हा दोन टेबलांतील अंतर वाढते तशी बोलण्याची वारंवारता झपाट्याने घसरते आणि पन्नासेक मीटरनंतर ती नगण्य होते असे आढळले. तेव्हा प्रत्येकाला एकेका खोलीत कोंडून लांबच लांब कॉरिडॉर बांधणे हेही उत्तर नव्हे. पण हा आक्षेप नीट पाहिला तर तो दोनशे माणसांच्या दालनाची बाजू घेत नाही. नवख्याला ज्यांच्याकडून शिकायचे ती तीन-चार माणसे असतात. उरलेल्यांचे बोलणे त्याच्यासाठी निव्वळ गोंगाट असतो. एकाच कामातल्या तीन-चार जणांची दार असलेली खोली हे शिकण्यासाठीही आणि एकाग्रतेसाठीही मला सर्वांत योग्य माप वाटते, आणि चमत्कारिक गोष्ट अशी की बहुतेक नव्या आखणीत नेमके हेच माप गायब असते. एका टोकाला एकाची केबिन, दुसऱ्या टोकाला अख्खा मजला, मधले काही नाही.

गोपनीयतेचा मुद्दाही पुढे केला जातो: वेतन, तक्रारी, शिस्तभंग यांविषयी बोलायला बंद दार हवे. हवेच, पण अशा बोलण्याला दिवसातला थोडा वेळ लागतो आणि त्यासाठी अधूनमधून वापरायच्या खोल्या पुरतात. शिवाय ज्याच्याविषयी बोलले जाते त्या कर्मचाऱ्यालाही डॉक्टरांशी किंवा घरच्यांशी बोलायला बंद दार कधीतरी लागते, ही गोष्ट या युक्तिवादात विसरली जाते. खर्चाविषयी एवढेच म्हणेन की खुली रचना स्वस्त पडते म्हणून स्वीकारली असेल तर संस्थेने तसे सांगावे. कर्मचारी खर्चाचा हिशेब समजून घेऊ शकतात. तोच हिशेब त्यांना सहकार्याची संस्कृती म्हणून ऐकवला जातो, तेव्हा त्यांचा विश्वास उडतो.

क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांच्या २०१० च्या प्रयोगांत, रिकाम्या आणि काटेकोर जागेत काम करणाऱ्यांपेक्षा, झाडे-चित्रे लावून सजवलेल्या जागेत काम करणारे सुमारे १७ टक्के अधिक काम करत होते, आणि ज्यांना आपली जागा स्वतः लावू दिली ते सुमारे ३२ टक्क्यांपर्यंत. जेव्हा त्यांनी लावलेली मांडणी प्रयोगकर्त्याने येऊन पुन्हा बदलली, तेव्हा हा लाभ नाहीसा झाला. वस्तू जवळजवळ त्याच होत्या. फरक होता तो कोणाच्या इच्छेने त्या तिथे आहेत याचा. केबिनीला मान का चिकटतो याचेही उत्तर बहुधा यात आहे. तिचा आकार किंवा लाकूड यांपेक्षा, आत कोणी यावे आणि कधी यावे हे ठरवण्याची मुभा लोकांना हवी असते, आणि ती मुभा आजवर फक्त वरच्या पदांना देण्यात आली आहे. कार्यालयात परतण्याचे आदेश ज्या वेळी निघतात, तेव्हा घरून काम करण्याची सवलत कोणत्या पातळीपासून वर कायम राहते हे पाहिले, तर तीच उतरंड आता इमारतीच्या बाहेरपर्यंत पोहोचल्याचे दिसेल.

म्हणून पुढच्या वेळी मजल्याची नवी आखणी करताना संस्थेने पदांची यादी बाजूला ठेवावी आणि दोन आठवडे प्रत्येकाच्या कामाची नोंद घ्यावी: सलग किती वेळ लागतो, दिवसातून किती वेळा खासगी बोलावे लागते, कोणासोबत बसून काम होते, स्वतःची जागा किती तास रिकामी असते. नोंद सर्वोच्च पदापासून सुरू व्हावी. तिच्यावरून खोल्या वाटाव्यात, बाहेरच्या भिंतीलगतचा उजेड खोल्यांनी अडवू नये, आणि आखणी मंजूर होण्याआधी ती जे वापरणार आहेत त्यांच्या प्रतिनिधींना ती नाकारण्याचा अधिकार असावा. एखाद्या संचालकाची नोंद सांगत असेल की त्याला खरोखर बंद खोली लागते, तर ती त्याला निःसंकोच द्यावी. नोंद तसे सांगत नसेल आणि तरीही ती त्याला हवीच असेल, तर मग ती मानासाठी आहे हे मान्य करून तिचे क्षेत्रफळ आणि भाडे त्याच्या वेतनाच्या कागदात इतर सवलतींसोबत लिहावे, म्हणजे त्या खर्चाविषयी संचालक मंडळाला आणि भागधारकांना प्रश्न विचारता येतील.